आधी बैठक, मग दागिने
(उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेच जण मला 'शाडूवाले काका' म्हणून ओळखतात. पेणजवळच्या आमच्या गावी वडिलांच्या हाताखाली मी मूर्ती करायला शिकलो. नोकरीनिमित्त हैदराबादला आल्यावर दर श्रावणात इथल्या मुलांकडून बाप्पा करवून घेऊ लागलो. चार वर्षांपूर्वी संधिवाताने बोटे धरली. शाडू मळणे दूरच, कोरणीही हातात टिकेना. त्या वर्षी शिबिर झाले नाही. खरे सांगतो, मांडवातसुद्धा मी फारसा फिरकलो नाही. मुले विचारतील, "काका, या वर्षी माती कधी आणायची?" याचीच धास्ती होती.

कार्यालयातल्या एका तेलुगू तरुणाने मला तेव्हा संगणकावर मूर्ती घडवण्याचा कार्यक्रम दाखवला. "सर, यात मळावे लागत नाही," एवढेच तो म्हणाला. या वयात हे मी कसे सुरू केले आणि कुठे फसलो, तेवढेच आज सांगणार आहे.

कार्यक्रमाचे नाव ब्लेंडर. तो फुकट मिळतो, आणि का मिळतो तेही ऐकण्यासारखे आहे. तो बनवणारी कंपनी 2002 साली बंद पडली. तेव्हा मूळ कर्ते टोन रोझेंडाल यांनी जगभरच्या वापरकर्त्यांकडे चक्क वर्गणी मागितली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि ब्लेंडर सर्वांसाठी खुले झाले. पावतीपुस्तक घेऊन जिने चढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको!

आता सुरुवात. 'फाइल'मध्ये 'न्यू' आणि त्यात 'स्कल्प्टिंग' निवडले की समोर एक गोळा येतो. हीच आपली माती. पहिल्याच दिवशी गणपती करायला बसू नका, मोदक करा. 'ग्रॅब' या ब्रशने गोळ्याचे टोक वर ओढा, बूड थोडे चपटे करा आणि 'क्रीज'ने वरून खाली कळ्या पाडा. शिफ्ट दाबून ब्रश फिरवला की खडबडीत भाग गुळगुळीत होतो. कंट्रोल दाबला की बहुतेक ब्रशांचे काम उलटे होते, म्हणजे भर घालणारा ब्रश माती काढू लागतो. एवढ्या चार गोष्टींवर पहिला आठवडा सहज जातो. सुरुवातीला तीन बटणांचा साधा माउस पुरतो. हाताच्या दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक करणारी पेन टॅब्लेट गोडी लागल्यावर घ्यावी. माझ्या बोटांना मात्र तिचे जाड पेनच मानवले.

माझी पहिली मोठी चूक म्हणजे घाई. पडद्यावरचा गोळा म्हणजे बारीक चौकोनांची जाळी असते. सोंड ओढली की ती जाळी ताणून विरळ होते. मग कंट्रोल आणि आर ही कळ दाबून 'रीमेश' करायचे, म्हणजे जाळी पुन्हा एकसारखी विणली जाते. तिचा बारीकपणा 'व्हॉक्सेल साइझ' या आकड्यावर ठरतो. हा आकडा निम्मा केला की चौकोन साधारण चौपट होतात. मला तिसऱ्याच दिवशी मुकुटावरचे मोती हवे होते! आकडा इतका लहान केला की लॅपटॉप गोठला आणि न साठवलेले दोन तासांचे काम गेले. वडील म्हणायचे, "आधी बैठक, मग दागिने." पन्नास वर्षांनी ते पटले. बैठक, पोट, मस्तक हे ठोकळे विरळ जाळीतच ठरवा, जाळी शेवटी बारीक करा, आणि दर टप्प्याला नव्या नावाने फाइल साठवा.

दुसरी चूक एकाच बाजूने पाहण्याची. समोरून देखणा दिसणारा माझा बाप्पा कडेने पाहिला तर पापडासारखा चपटा! माउसचे मधले बटण दाबून मूर्तीभोवती सतत प्रदक्षिणा घाला. डावी-उजवी बाजू आपोआप सारखी ठेवण्याची सोय आहे. कान, खांदे होईपर्यंत ती चालू ठेवा आणि सोंड वळवण्याआधी बंद करा, नाहीतर एकाला दोन सोंडा फुटतात.

तिसरी गोष्ट अशी, की पडद्यावर मातीचे वजन नाही. कान कितीही पातळ केला तरी गळत नाही, म्हणून हाताला धाक राहत नाही. गेल्या वर्षी एका सभासदाच्या थ्रीडी प्रिंटरवर वीतभर मूर्ती काढली. खालचे आधार सोडवताना कान तुटून हातात आला. वडील असते तर म्हणाले असते, "कान जाड ठेव, किती वेळा सांगू?" दुसरी प्रत जाड कानांची केली.

ती प्रत या श्रावणात मुलांच्या हाती दिली. त्यांनी ती फिरवून, चाचपून पाहिली आणि शाडूत आपापले बाप्पा केले. मी खुर्चीवर बसून फक्त बोलत होतो. पूजेला मातीचीच मूर्ती हवी, कारण प्लास्टिक शाडूसारखे पाण्यात विरघळत नाही. पण माझे हात थांबले म्हणून वडिलांची विद्या थांबली नाही, एवढे समाधान या यंत्राने मला दिले.

ज्यांना शिकायचे आहे त्यांनी रविवारी लॅपटॉप घेऊन घरी यावे. मोदक पडद्यावर आपण करू, खायचे आमच्या सौभाग्यवती करतील.

गणपती बाप्पा मोरया!