तरवडाचे कुळ आणि त्यातली औषधे
(खर्डा, ता. जामखेड येथील शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



खर्ड्याचे नाव काढले की लोकांना १७९५ सालची लढाई आणि इथला किल्ला आठवतो. मी वनस्पतींच्या खात्यातला माणूस, त्यामुळे मला किल्ल्याच्या आधी दिसतो तो भोवतालच्या माळावरचा पिवळाधमक तरवड. बालाघाटच्या या टेकड्यांवर पाऊस बेभरवशाचा, जमीन भरड, मुरमाड. जिथे दुसरे काही तग धरत नाही तिथे तरवड हिरवा राहतो. त्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, हे त्यामागचे एक मोठे कारण. शेळ्या-मेंढ्यांनी बाकीचे सगळे खाऊन टाकले की माळावर तरवडच उरतो. तेव्हा एखाद्या गायरानात नुसता तरवड माजलेला दिसला तर ते गायरान फार चरले गेले आहे असे खुशाल समजावे.

या तरवडाच्या वंशाला शास्त्रीय भाषेत सेन्ना म्हणतात. जुन्या पुस्तकांत तुम्हाला कॅशिया हे नाव आढळेल. १९८२ साली या मोठ्या वंशाची फेरमांडणी झाली आणि त्यातल्या पुष्कळशा जाती सेन्नात गेल्या. आपला बहावा मात्र कॅशियातच राहिला. आपल्या भागात या वंशाची चार झाडे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत: तरवड, सोनामुखी, टाकळा आणि कासविंदा. चौघांची फुले पिवळी, चौघांना शेंगा, आणि चौघांचा औषधात उल्लेख. पण गुण एकाचे दुसऱ्यात नाहीत. एक जुलाबाचे औषध आहे, एक रानभाजी आहे आणि एकाच्या बियांनी लहान मुले दगावली आहेत. म्हणून हा विषय नुसत्या माहितीचा राहत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. शेंगवर्गीय झाड म्हटले की मुळांवर गाठी असणार आणि जमिनीत नत्र साठणार, असे आपण धरून चालतो. सेन्ना वंशातल्या झाडांच्या मुळांवर सहसा अशा गाठी येत नाहीत. तरवडाचा पाला शेतात गाडला तर सेंद्रिय द्रव्य जरूर मिळते, चोपण जमिनीत त्याचा हिरवळीच्या खतासारखा उपयोग पूर्वापार करतात. पण उडीद-मुगासारखी नत्राची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

आता तरवड. पानाच्या देठापाशी कानाच्या पाळीसारखी दोन मोठी उपपर्णे असतात, शास्त्रीय नावातला ऑरिक्युलाटा हा शब्द त्यावरूनच आला. नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात हे इथे सांगायला नको. आयुर्वेदात याला आवर्तकी म्हणतात. सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन असते. कातडे कमावण्यासाठी दक्षिण भारतात ही साल गाड्याच्या गाड्या वापरली जात असे. पुढे परदेशी वॅटलची साल आली आणि हा धंदा मागे पडला. विहिरीवर चामड्याची मोट चालायची त्या काळात तरवडाची किंमत गावोगाव ठाऊक होती.

अलीकडे तरवडाच्या फुलांचा चहा मधुमेहावर म्हणून विकला जातो. फुलांच्या अर्काने रक्तातली साखर उतरते असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. उंदरावरचा प्रयोग आणि माणसाचे औषध यांत बरेच अंतर आहे. दुसरे असे की, फिट येण्यावर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन या औषधाबरोबर तरवडाचा काढा दिला तेव्हा प्राण्यांच्या रक्तात त्या औषधाचे प्रमाण वाढल्याचेही आढळले आहे. म्हणजे काढा निरुपद्रवी असतोच असे नाही. ज्यांना साखरेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय असा चहा सुरू करू नये, आणि गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत.

लागवडीच्या दृष्टीने ज्यात थोडा पैसा आहे ती सोनामुखी. युनानी हकीम तिला सना मक्की म्हणतात. अरबस्तान आणि आफ्रिकेचा पूर्व भाग हे तिचे मूळ. आपल्या देशात तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात एकोणिसाव्या शतकापासून तिची शेती होते आणि तिरुनेलवेलीची सोनामुखी म्हणून तो माल परदेशांत ओळखला जातो. गुजरात आणि राजस्थानच्या कोरडवाहू भागांतही ती घेतली जाते. तिच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात. चांगल्या पानात त्यांचे प्रमाण सुमारे अडीच टक्के असते, शेंगांत थोडे अधिक.

ही द्रव्ये काम कशी करतात ते समजून घेण्यासारखे आहे. ती पोटात आणि लहान आतड्यात जशीच्या तशी राहतात. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि त्यातून निघालेले द्रव्य आतड्याला हालचालीस लावते. या प्रवासाला ६ ते १२ तास लागतात. म्हणून सोनामुखी रात्री झोपताना घ्यायची आणि परिणाम सकाळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही सेन्नाचा समावेश आहे. पाल्यापासून तयार झालेली फार थोडी औषधे त्या यादीत आहेत.

पण घरोघरी हिचा दुरुपयोगही तितकाच होतो. रोजच्या रोज महिनोन्महिने चूर्ण घेतल्याने शरीरातले पोटॅशियम कमी होते आणि अशक्तपणा येतो. पोटात कळ येत असेल, उलट्या होत असतील, आतडे अडल्याची शंका असेल तर सोनामुखी देऊ नये. गरोदर बाईला आणि लहान मुलाला वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. पोट दुखते म्हणून जुलाब दिला आणि दुखणे अपेंडिक्सचे निघाले, तर जीवावर बेतते.

जमीन म्हणाल तर हलकी ते मध्यम, पण निचऱ्याची हवी. पाणी साचले की रोप पिवळे पडून मरते. काळ्या चिबड जमिनीत हिच्या वाटेला जाऊ नये. बियाण्याचे कवच कठीण असते, म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून किंवा वाळूबरोबर हलके चोळून पेरावे. पावसाळा सुरू झाल्यावर वाफसा येताच ४५ बाय ३० सेंटिमीटर अंतरावर टोकणी करावी. आणंद येथून निघालेली एएलएफटी-२, तमिळनाडूतील केकेएम-१ आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेची सोना, असे वाण आहेत. पहिले दोन महिने खुरपणीत हयगय नको, कारण रोप सुरुवातीला हळू वाढते. फुलांचे दांडे दिसताच खुडले तर फांद्या फुटतात आणि पाला वाढतो. पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पाने फस्त करतात. पण पान हाच माल असल्याने त्यावर विषारी फवारणी करणे शहाणपणाचे नाही. सुरुवातीलाच अळ्या वेचाव्यात आणि लिंबोळी अर्कावर भागवावे. शेवटी माल औषधात जाणार आहे, आणि अवशेष सापडले तर खरेदीदार तो परत करतो.

पहिली तोडणी साधारण दोन ते अडीच महिन्यांनी, पाने जाड आणि निळसर हिरवी झाल्यावर. त्यानंतर महिन्या-महिन्याने दोन तोडण्या मिळू शकतात. पाला सावलीत पातळ पसरावा आणि रोज उलथावा. कडक उन्हात वाळवला तर रंग उडतो आणि भाव पडतो. ओलसर राहिला तर बुरशी येते. हिरवट रंग टिकलेला, काड्या-माती नसलेला पाला, एवढेच या मालाचे मर्म आहे. शेंगा पूर्ण वाळून तडकण्याआधी, पिवळसर होऊ लागताच काढाव्यात.

आता एक कटू गोष्ट. सोनामुखीच्या पाल्यात तरवडाचा पाला मिसळण्याची चाल जुनी आहे. व्यापारात त्या भेसळीला स्वतंत्र नावसुद्धा आहे, पालथे सेना. तरवडाच्या पानात जुलाबाचे ते द्रव्य नसतेच, त्यामुळे औषध निकामी होते. प्रयोगशाळेत तीव्र गंधकाम्ल टाकले की तरवडाचे पान लालभडक होते आणि लबाडी तत्काळ उघडी पडते. (हा प्रयोग घरी करायचा नाही, आम्ल अंगावर उडाले तर भाजते.) आपल्याकडे बांधावर फुकटचा तरवड भरपूर, म्हणून मोह होण्यासारखा आहे. पण एकदा माल नाकारला गेला की त्या गावाच्या मालाकडे व्यापारी पुन्हा वळत नाही. मजुरांकडून नकळत मिसळ होऊ नये म्हणून सोनामुखीच्या वावरातला आणि बांधावरचा तरवड तोडणीआधी ओळखून ठेवावा. सोनामुखीची पर्णिका अरुंद, टोकदार, भाल्याच्या पात्यासारखी आणि बुडाशी दोन्ही बाजूंना असमान असते. पानात पर्णिकांच्या ५ ते ८ जोड्या असतात. तरवडाची पर्णिका लांबट-गोल, बोथट टोकाची आणि जोड्या जास्त.

टाकळ्याबद्दल फार सांगत नाही. विदर्भात त्याला तरोटा म्हणतात. पहिल्या पावसानंतर कोवळ्या पानांची भाजी करतात, ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. गजकर्णावर त्याचे बी वापरतात, म्हणून त्याचे संस्कृत नाव चक्रमर्द. बियांपासून डिंकासारखे चिकट द्रव्य काढतात आणि ते उद्योगात चालते.

खरी काळजी आहे ती कासविंद्याची. रस्त्याकडेला, उकिरड्याजवळ, घराच्या मागे पावसाळ्यात कमरेएवढा उगवतो. पान चुरगळले की उग्र वास येतो. पर्णिकांच्या ४ ते ६ जोड्या, टोके अणकुचीदार. शेंगा चपट्या, वर उभ्या राहिलेल्या आणि कडा फिक्या. टाकळ्याच्या पर्णिकांच्या मात्र तीनच जोड्या, टोके गोलसर, आणि शेंगा बारीक, कोयत्यासारख्या वाकड्या. भाजी खुडणाऱ्या बायकांनी हा फरक मुलींना दाखवून ठेवावा.

आयुर्वेदात कासविंद्याचा पाला खोकल्यावर सांगितला आहे, कासमर्द हे नाव त्यावरूनच. पण त्याच्या बिया विषारी आहेत. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात बरीच वर्षे दर हिवाळ्याच्या तोंडाला लहान मुले अचानक उलट्या करीत, बेशुद्ध पडत आणि दोन-चार दिवसांत दगावत. हा विषाणूचा मेंदूज्वर समजला जाई. अखेर डॉक्टरांनी घरोघरी चौकशी केली आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की या मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खाल्ले होते. विषाचा मारा यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर होतो. २०१६ साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात शंभराहून अधिक मुले गेली. तिथे मेंदूज्वराबरोबर याच झाडाचे दाणेही कारणीभूत असल्याचे तज्ज्ञांना आढळले. यावर उतारा नाही. मुलाने दाणे खाल्ल्याचा संशय आला तर उलटी होण्याची किंवा झटका येण्याची वाट न पाहता, घरगुती उपाय करत न बसता, शेंग बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

हीच गोष्ट जनावरांची. गाय कासविंद्याचा हिरवा पाला वासामुळे सहसा खात नाही. पण सोयाबीन किंवा उडीद काढताना शेंगांसकट झाडे कापली गेली तर दाणे मळणीत येतात आणि भरड्यातून जनावराच्या पोटात जातात. स्नायू झिजतात, जनावर मागच्या पायांनी लुळे पडते, लघवी गडद तांबडी होते आणि ते बसले की उठत नाही. कोंबड्यांनाही हे दाणे बाधतात. म्हणून काढणीच्या आधी एकदा वावरातून आणि बांधावरून फिरून कासविंदा शेंगा पिकण्याआधी मुळासकट उपटावा. शेंगा तयार झाल्या असतील तर झाडे बांधावर टाकू नयेत, खड्ड्यात पुरावीत. धान्य चाळणीने चाळावे. अंगणवाडी आणि शाळेभोवतालचा कासविंदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढण्याचे काम ग्रामपंचायतीने एका दिवसात करता येण्यासारखे आहे.

सोनामुखीकडे परत येऊन शेवटचे सांगतो. तिला हमीभाव नाही आणि बाजार समितीत तिचा रोजचा सौदा होत नाही. तेव्हा आधी पेरून मग गिऱ्हाईक शोधू नये. पुण्या-मुंबईच्या औषधी पाल्याच्या व्यापाऱ्यांना किंवा औषध कारखान्याला आधी विचारावे, पाने हवीत की शेंगा, किती ओलावा चालतो, पैसे कधी मिळतात, हे लिहून घ्यावे. पहिल्या वर्षी ५-१० गुंठ्यांपलीकडे जाऊ नये, तेही पडीक भरड तुकड्यावर. ज्वारी-तुरीची जागा मोडू नये. त्या तुकड्यातला एक किलो नीट वाळवलेला पाला नमुना म्हणून पाठवावा आणि सेनोसाइडचा तपासणी अहवाल मागून घ्यावा. अहवाल हातात आल्यावर पुढच्या वर्षीचे क्षेत्र ठरवावे.