पत्रा वरून नवा, आतून सडलेला

कामं आटोपून रेडिओपाशी बसला असाल. नाहीतर रेडिओ चुलीजवळ ठेवून भाकरी थापत ऐकत असाल. तसं असेल तर एक काम करा. मान वर करा आणि चुलीच्या वरचा पत्रा बघा. काळा झालाय? पांढरी भुकटी धरलीय? की तांबूस डाग पडलेत? आज मी त्या पत्र्याबद्दलच बोलणार आहे.

गटाच्या मीटिंगमध्ये आपण शेळ्या, शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना यांवर बोलतो. छपरावर बोलतो ते गळायला लागल्यावर. तोवर उशीर झालेला असतो आणि मग कर्ज काढावं लागतं. छप्पर जास्त वर्षं टिकलं तर तेवढं कर्ज वाचतं, एवढा साधा हिशेब आहे.

आधी थोडं मागचं सांगते. आपल्या लातूर-धाराशिव भागात पूर्वी माळवदाची घरं होती. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यावर किलचन आणि त्यावर फूट-दोन फूट पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा आणि थंडीत ऊब. धूर जायला छताला सवणं ठेवलेलं असायचं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि तीच जड माती, तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. हजारो माणसं गेली. मी तेव्हा लहान होते. माझी आई पुढं कित्येक वर्षं माळवदाखाली झोपायला घाबरायची. लोक पत्र्याखाली आले ते या भीतीनं, आणि ती भीती खोटी नव्हती. भूकंपानंतर घरं दुरुस्त आणि मजबूत करायचं काम निघालं, त्यात महिला मंडळाच्या बायका संवाद सहायक म्हणून घरोघर जाऊन माहिती सांगत होत्या. म्हणजे घराच्या बांधकामावर बोलणं हे बायकांचं काम नाही, असं आपल्या भागात तरी कुणी म्हणू नये.

पत्रा हलका, म्हणून जिवाला धोका कमी. पण माती गेली तसा गारवाही गेला आणि सवणंही गेलं. आता माझी चूक सांगते.

आमच्या गटातल्या एका ताईनं अंतर्गत कर्ज काढून घरावर नवे पत्रे टाकले. पहिल्याच उन्हाळ्यात घरात बसवेना. भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून धूळ यायची, उंदीर यायचे. मी समन्वयक, चार बुकं शिकलेली. मी सांगितलं, "ताई, फटी सिमेंटनं बुजवून टाका आणि पत्र्याला आतून पोती लावा, ऊन लागणार नाही." तिनं तसंच केलं. पोती पत्र्याला घट्ट चिकटवून तारेनं बांधली. थोडा फरक पडला. मी खूश होऊन मीटिंगमध्येही सांगितलं, आणि आणखी चौघींनी तेच केलं.

हिवाळ्यात पोत्यांना कुबट वास यायला लागला, तिकडं आम्ही लक्ष दिलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात घर गळायला लागलं. आम्हाला वाटलं, दुकानदारानं हलका माल दिला. भांडायलाही निघालो होतो. तेवढ्यात वेल्डिंगवाले मामा आले, त्यांनी पोती ओढून काढली. वरून पत्रा चकचकीत होता. खालून आधी पांढरी भुकटी, मग तांबेरा आणि जागोजाग चाळणी. मामा म्हणाले, "हे पाणी आभाळातनं नाही आलं, तुमच्या चुलीतनं आलंय."

हे आधी मला पटेना. पण तुम्हीच विचार करा. भात शिजतो, बंबाचं पाणी तापतं, आत कपडे वाळतात, पाच-सहा माणसं रात्रभर श्वास सोडतात. या सगळ्याची वाफ वर जाते. थंडीच्या रात्री आभाळ निरभ्र असलं की पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. वाफ त्याला लागली की पाण्याचे थेंब होतात, गरम भाताच्या पातेल्यावर गार झाकण ठेवल्यावर होतात तसे. हवा फिरती असेल तर सकाळी ते वाळून जातात. आम्ही फटी बुजवल्या, त्यामुळं वाफ कोंडली. पोत्यांनी ते पाणी धरून ठेवलं आणि पत्रा महिनोन्‌महिने ओला राहिला. पत्र्यावर जस्ताचा पातळ थर असतो. तो आधी जातो, ती पांढरी भुकटी. मग लोखंड उघडं पडतं, तो तांबेरा. ओलं सिमेंट जिथं पत्र्याला टेकलं होतं तिथं जस्त आणखी लवकर गेलं.

त्या ताईची पुढची पाळी शेळ्यांच्या कर्जाची होती. ते पैसे पत्र्यात गेले. शेळ्या राहिल्या त्या राहिल्याच. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली आणि इतिवृत्तात लिहायला लावली. बाकी चौघींची पोती त्याच आठवड्यात काढली, त्यांचे पत्रे वाचले. आज हे सांगते, कारण माझं ऐकून कुणी तरी कुणाला तरी तसंच सांगितलं असेल.

मग आता काय करायचं? चार कामं आहेत.

पहिलं काम हवेची वाट. ज्यांच्या घरी कांद्याची चाळ आहे त्यांना हे चांगलं माहीत आहे. कांद्याला खालून आणि बाजूनं हवा लागते, कोंडला की सडतो. छपराचंही तसंच. गरम हवा आणि वाफ वर चढते, म्हणून वरून बाहेर जायला वाट हवी आणि खालून आत यायला वाट हवी. खालची वाट वळचणीला दोन्ही बाजूंनी ठेवा. वरची वाट आढ्याजवळ, त्रिकोणी भिंतीत दोन्हीकडं ठेवा. उंदीर, साप, पाल येऊ नये म्हणून फट बुजवायची नाही, जाळी बसवायची. जाळी फार बारीक नको, धुळीनं बुजते. दिवाळीच्या साफसफाईत तीही झाडायची. बाहेरून वर पत्र्याची लहान झडप ठेवा, पाऊस आत येणार नाही. मात्र एक गोष्ट विसरू नका. मोकळ्या जागेतून वाऱ्याचा जोरही आत शिरतो. म्हणून आधी पत्रे अँगलला आणि अँगल भिंतीला पक्के आहेत का, हे मिस्त्रीकडून बघून घ्या.

दुसरं काम, पत्र्याखाली आडोसा, पण अंतर सोडून. बांबूच्या तट्ट्या किंवा पातळ फळ्या पत्र्याच्या खाली निदान एक वीत अंतरावर बसवा. त्या मधल्या पोकळीची दोन्ही टोकं उघडी ठेवा. पत्र्याची धग पोकळीतल्या हवेला लागते आणि ती हवा निघून जाते, आपल्या डोक्यावर उतरत नाही. चंदेरी शीट लावायची असली तरी मध्ये अंतर हवंच, चिकटवली तर तिचा फायदा जातो. चुलीच्या किंवा गॅसच्या वर तट्ट्या नकोत, तिथं वाफेला आणि धुराला थेट बाहेर वाट ठेवा. थर्माकोल घरात कुठंच लावू नका. तो भडाभडा पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आडोशावरून विजेच्या तारा जात असतील तर त्या पाइपातून घ्या.

माळा असेल तर आणखी एक. आपण माळ्यावर गोधड्या, डबे, सरपण अगदी वळचणीपर्यंत कोंबतो. तिथली हवा बंद झाली की सामानही कुबट होतं आणि पत्राही गंजतो. कडेनं हातभर जागा मोकळी सोडा.

तिसरं काम, वरून ऊन परतवणं. पत्रा दुपारी तापून पसरतो, रात्री आकसतो. संध्याकाळी तट-तट आवाज येतो ना, तो त्याचाच. बारा फुटी पत्रा दिवसा-रात्रीच्या फरकानं साधारण दोन मिलिमीटर कमीजास्त होतो. रोजच्या या हलण्यानं स्क्रूची भोकं मोठी होतात, रबरी वायसर फाटतो आणि तिथून गळती सुरू होते. ऊन परतवणारा पांढरा रंग दिला की पत्रा कमी तापतो आणि हे ओढणंही कमी होतं. पण साधा ऑइलपेंट नव्या जस्ताच्या पत्र्यावर थेट देऊ नका, पापुद्रे निघतात. जस्ताच्या पत्र्याला चालणारा प्रायमर आधी मागून घ्या. चुना स्लॅबसाठी ठीक, पत्र्यासाठी नको.

चौथं काम, वर्षातून एकदा तपासणी, मे महिन्यात वळवाच्या आधी. सैल स्क्रू, फाटके वायसर बदला. पत्र्यावरचा पालापाचोळा काढा. दगड, जुने टायर, कडबा, पाचट वर ठेवू नका. त्याखाली ओल धरते आणि नेमका तिथंच पत्रा जातो. चढायचं असेल तर जाणकार माणसानं, सकाळी लवकर, पत्रा कोरडा असताना, आणि पाय अँगलच्या रेषेवरच.

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोक पाडू नका, कापू नका, घासू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट.

आता, गळतंय पावसानं की वाफेनं, हे कसं ओळखायचं? पावसात एकाच जागी, बहुतेक स्क्रूजवळ टिपकत असेल तर ती गळती. पाऊस नसताना मार्गशीर्ष-पौषात पहाटे बॅटरी मारून बघा. सगळ्या पत्र्याला खालून घाम आलेला दिसला तर हवा कमी पडतेय. दोन्हींवर डांबर लावून उपयोग नाही.

घरकुलाचं बांधकाम चालू असेल तर आत्ताच गवंड्याला सांगा. २५ चौरस मीटरच्या घरात स्वयंपाकही होतो आणि झोपणंही होतं, वाफ जाणार कुठं? भिंत बांधतानाच झरोके सोडले तर वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. नंतर फोडायला मजुरी लागते.

पुढच्या मीटिंगला प्रत्येकीनं आपल्या पत्र्याची खालची बाजू बघून यावं, आणि कर्जमागणीच्या अर्जात "घरदुरुस्ती" एवढंच न लिहिता हवेची वाट कुठं ठेवणार तेही लिहावं. आमच्या गटानं हा नियम केलाय. त्या ताईच्या नव्या पत्र्याला आता दोन्ही त्रिकोणात जाळी आहे. तिचं कर्ज फिटत आलंय. यंदा शेळ्यांसाठी पहिला अर्ज तिचाच घ्यायचा, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.