साप पाळण्याचा परवाना



साप घरी पाळावयाचा असेल तर त्याचा परवाना कोठे मिळतो, असा प्रश्न हौशी तरुण वनखात्याच्या कचेरीत विचारतात, तेव्हा त्यांच्या पदरी बहुधा निराशाच येते. भारताच्या रानात जन्मलेला नाग, अजगर, किंबहुना बिनविषारी धामणसुद्धा केवळ हौसेखातर बाळगण्यास कायद्याने मुभा नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाला व्यापक अर्थ दिलेला आहे. ठार मारणे एवढाच तो अर्थ नसून पकडणे व सापळ्यात अडकविणे हेही त्यात येते.

असे असले तरी कायद्याने दार पूर्णपणे लावून घेतलेले नाही. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालये आणि जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष गोळा करणे, अशा विशिष्ट प्रयोजनांसाठी बाराव्या कलमानुसार परवानगी देता येते. ही परवानगी प्रयोजनापुरती असते. तिने सापाची मालकी मिळत नाही. या भेदाला एवढे महत्त्व का द्यावे, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. त्यांपैकी एक तामिळनाडूतील असून दुसरे अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील आहे.

चेन्नईच्या आसपासच्या प्रदेशात इरुला ही आदिवासी जमात राहते. जमिनीवरील पुसट खुणा, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात व विष्ठा यांवरून आत कोणता साप आहे हे ओळखण्यात या जमातीचे लोक निष्णात आहेत. एके काळी कातड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी साप पकडून ते पोट भरीत. १९७२ चा कायदा आला आणि १९७६ मध्ये सर्पचर्माची निर्यात बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या विद्येने त्यांना पोसले, तीच आता गुन्हा ठरली. त्या वेळी मद्रास सर्पोद्यानाचे संस्थापक रॉम्युलस व्हिटेकर यांच्या साहाय्याने १९७८ मध्ये इरुला सर्पपकड्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिच्यामागील विचार साधा होता. सापाचे कातडे एकदाच मिळते आणि त्यासाठी त्याचा जीव घ्यावा लागतो. विष मात्र जिवंत सापाकडून पुनःपुन्हा मिळू शकते.

संस्थेचे सभासद नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप पकडून आणतात. ते मातीच्या मडक्यांत ठेवून मडक्यांच्या तोंडाला कापड बांधले जाते. काचेच्या पात्रावर ताणलेल्या पडद्याला साप चावतो आणि विषाचे थेंब पात्रात उतरतात. तीन ते चार आठवड्यांच्या मुदतीत साधारणतः चार वेळा विष काढल्यानंतर सापाच्या पोटाकडील एक खवला किंचित कापून खूण केली जाते आणि त्याला रानात सोडण्यात येते. ती खूण दिसते तोवर तो साप पुन्हा घेतला जात नाही. कोणत्या जातीचे किती साप पकडावयाचे, याची संख्या शासनाची परवानगी ठरविते. ही परवानगी लांबली म्हणजे सभासदांच्या चुली थंडावतात आणि प्रतिविष बनविणाऱ्या कारखान्यांना विषाचा तुटवडा भासू लागतो; कारण देशातील प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग ही एकच संस्था पुरविते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या आकड्याशेजारी ठेवून पाहिले म्हणजे या परवान्याचे मोल ध्यानात येते.

आता दुसरे उदाहरण पाहू. फ्लॉरिडात ब्रह्मदेशी अजगर हौशी लोकांसाठी मोठ्या संख्येने आयात होत असत. विकत घेताना हातभर असलेले पिल्लू काही वर्षांत दहा-बारा फुटांचे होई आणि मालकाला त्याचे ओझे वाटू लागे. काही अजगर निसटले, काही सोडून देण्यात आले. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची वीण होत असल्याचे २००० साली मान्य झाले. वार्षिक परवान्याची सक्ती मात्र २००८ मध्ये आली. पाळण्यासाठी नव्याने अजगर घेण्यास २०१० मध्ये मनाई झाली, तर आयातीवरील संघराज्याची बंदी २०१२ मध्ये आली. तोवर हानी होऊन चुकली होती. रात्री रस्त्यांवरून केलेल्या पाहण्यांत पूर्वीच्या तुलनेने रॅकून ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१२ मध्येच जाहीर झाले.

हे अजगर शोधण्यासाठी २०१७ मध्ये फ्लॉरिडाने ज्यांना पाचारण केले, ते मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल हे दोघे इरुला सर्पपकडेच होते. आठवड्याभरात त्यांनी १३ अजगर शोधून काढले. त्यांत सोळा फुटी मादीही होती. २०२३ मध्ये या दोघांना पद्मश्री मिळाली. हौशी मालकांनी रानात सोडलेले अजगर हुडकण्यासाठी अखेर, साप पकडून तो रानात परत सोडण्याची शिस्त पाळणारी माणसे सातासमुद्रापलीकडून बोलवावी लागली.

हा प्रसंग भारतीयांनी केवळ कौतुकाने ऐकावा असा नाही. आफ्रिकेतील बॉल पायथनसारखे परदेशी साप आज भारतातील घरांतही आढळतात. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिला अनुसरून २०२४ मध्ये नियम आले. आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत नोंदलेले असे प्राणी बाळगणाऱ्याने आता त्यांची नोंदणी केली पाहिजे. त्यांचे जन्म, मृत्यू व हस्तांतरण कळविले पाहिजे. पुष्कळांना ही कागदपत्रांची कटकट वाटते. परंतु फ्लॉरिडात जी नोंदवही अजगर दलदलीत पसरल्यावर उघडली गेली, ती येथे आधीच उघडली जात आहे.

इरुलांच्या मडक्यातील साप कोठून आला, कशासाठी आला आणि केव्हा परत जाणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे साप पकडण्यापूर्वीच ठरलेली असतात. साप पाळू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने अर्ज भरण्यापूर्वी हेच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पैकी तिसऱ्याचे उत्तर सापडत नसेल, तर तो अर्ज न भरणेच सापाच्या आणि रानाच्या हिताचे होय.