दुष्काळाच्या आधीं पोंचणारें दान

(वर्गणीदारांच्या सभेपुढें कमिटीच्या वतीनें केलेलें भाषण)



दुष्काळनिवारणाच्या कार्यास आपण जो उदार आश्रय देतां, त्याबद्दल प्रथम आम्ही आपले आभार मानतों. भुकेल्या माणसाच्या तोंडीं घांस पडावा, ह्याहून निकडीचें दुसरें काम नाहीं. परंतु वांटलेलें धान्य चार महिन्यांत संपतें, आणि पुढच्या अवर्षणांत तींच माणसें त्याच दारीं पुन्हां उभीं राहतात. हें चक्र थांबवितां येईल काय, हा प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. त्यासाठीं पश्चिम आफ्रिकेंतील बुर्किना फासो देशाच्या उत्तरेकडील यातेंगा प्रांताचें उदाहरण आम्ही घेतलें आहे.

हा प्रांत दूरचा खरा, पण अगदींच परका नव्हे. ज्या बाजरीची भाकरी आपल्याकडे घरोघर भाजली जाते, तिचें मूळ सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस पसरलेल्या ह्याच साहेल पट्ट्यांत आहे. ज्वारीही ईशान्य आफ्रिकेंतूनच इकडे आली. यातेंगांतील मोसी शेतकरी आजही हींच दोन धान्यें पेरतो. पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच, आणि तोही लहरी. १९६८ ते १९७३ ह्या काळांत तो वारंवार चुकला. १९८३-८४ सालीं पुन्हां चुकला. गुरें मेलीं, झाडें वठलीं, कित्येक कुटुंबें गांव सोडून दक्षिणेकडे गेलीं. मागें राहिलेल्या जमिनीवर असा कठीण पापुद्रा धरला कीं, पडेल तें पाणीही आंत न मुरतां वाहून जाऊं लागलें.

ह्या उजाड मुलखांत १९८० च्या सुमारास गूर्गा गांवच्या याकूबा सावादोगो ह्या शेतकऱ्यानें पूर्वजांची एक जुनी रीत सुधारून पुन्हां चालू केली. तिला तेथें ‘जाई’ म्हणतात. कोरड्या महिन्यांत वीतभर रुंद व अर्धी वीत खोल खड्डे ओळीनें खणावयाचे, त्यांत शेणखत व पालापाचोळा घालावयाचा, आणि पावसाची वाट पाहावयाची. खतास वाळवी लागते. आपण तिला शत्रु मानतों. पण तेथें ती जमिनींत बारीक भुयारें पाडते, आणि त्या वाटेनें पहिलें पाणी खोल उतरतें. जेथें गवतही उगवत नव्हतें, तेथें ज्वारीचीं कणसें डोलूं लागलीं. १९८४ पासून याकूबांनीं आपल्या शेतावर वर्षांतून दोनदां बाजार भरविला. गांवोगांवचे शेतकरी तेथें बियाणें घेऊन येत व रीत शिकून जात. २०१८ सालीं त्यांस राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला. २०२३ सालीं ते वारले.

दुसरा उपाय दगडाचा. १९७९ पासून ऑक्सफॅम संस्थेनें त्या प्रांतांत झाडें लावण्याच्या हेतूनें एक काम आरंभिलें. शेतकऱ्यांनीं झाडांआधीं धान्य मागितलें, आणि संस्थेनें तें ऐकलें, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. उतारावर आडव्या दगडी ताली घालण्याची चाल तेथें पूर्वींपासून होती. परंतु पाणसळ चुके आणि पाणी एकीकडून फुटून जाई. पारदर्शक नळींत पाणी भरून समपातळी शोधण्याची सोपी युक्ति गांवकऱ्यांस शिकविण्यांत आली. दगड गोळा करून ताली रचणें हें काम स्त्रीपुरुषांनीं मिळून केलें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लाखों मजुरांनीं खडी फोडली. तिनें त्यांस मजुरी दिली, पण त्यांतील पुष्कळशा श्रमानें शेतांतला एक दाणाही वाढला नाहीं. यातेंगांत तोच दगड उतारावर बसला आणि त्यानें पाणी व माती दोन्ही अडविलीं.

एका हेक्टरांत दहा हजारांवर खड्डे लागतात. ज्या घरांत हात थोडे, त्या घरास हें एकट्यानें झेपणारें नव्हे. म्हणून संघाची गरज. बर्नार लेदेआ वेद्राओगो ह्यांनीं मोसी समाजांतील तरुणांच्या जुन्या श्रममंडळांचा पाया घेऊन १९६७ सालीं ‘नाम’ संघांची चळवळ सुरू केली. त्यांनीं नवी शिस्त बाहेरून आणली नाहीं. जी गांवास ठाऊक होती तिलाच ताली, विहिरी, भाजीमळे व धान्यकोठारें ह्या कामांस लाविलें.

ह्या कोठारांविषयीं आपणां व्यापाऱ्यांस फार सांगणें नको. सुगीचा भाव आणि पावसाळ्यांतील भाव ह्यांमधील अंतर आपण जाणतां. गरीब शेतकरी देणें फेडण्यासाठीं स्वस्तांत विकतो आणि पेरणीच्या दिवसांत तेंच धान्य महाग घेतो. गांवाचें कोठार सुगींत खरेदी करतें व टंचाईंत माफक दरानें विकतें. जेथें हिशेब ढिला राहिला आणि उधारी वसूल झाली नाहीं, तेथें अशीं कोठारें बुडालींही आहेत, हें आम्ही लपवीत नाहीं.

फळ काय मिळालें? २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें, बुर्किना फासोच्या मध्य पठारावर दोन ते तीन लाख हेक्टर जमीन अशा उपायांनीं सुधारली, आणि त्यामुळें दरसाल सुमारें ८० हजार टन अधिक धान्य पिकूं लागलें. तें पांच लाख माणसांस पुरेल.

तथापि संकट टळलेलें नाहीं. त्या देशांत २०१५ पासून सशस्त्र टोळ्यांचा उपद्रव वाढत गेला. २०२३ सालच्या सरकारी मोजणींत घरदार सोडलेल्यांची संख्या वीस लाखांवर होती. ज्यानें वीस वर्षें ताली घातल्या, त्याचें शेत भीतीपोटीं ओस पडतें. शिवाय सुधारलेल्या जमिनीवर दुसऱ्यांचा डोळा जातो. खुद्द याकूबांच्या वनाचा भाग वाहिगूया शहराच्या वाढीखालीं आला. जमीनदार बंधूंनो, कसणाऱ्यास आपल्या श्रमाचें फळ आपल्याच पदरीं पडेल अशी खात्री नसेल, तर तो दगड उचलणार नाहीं, हें आपणांहून अधिक कोण जाणतो?

म्हणून आमची विनंति अशी. परागंदा झालेल्यांस आज धान्यच पाहिजे. त्यांचा घांस तोडून दुसरें कांहीं करावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दानाचा एक भाग दुष्काळाची हांक येण्यापूर्वींच निघावा. तो कुदळी-पहारींस, दगड वाहणाऱ्या गाड्यांस आणि कोठाराच्या पहिल्या भांडवलास लागावा. काय करावें हें गांवानें ठरवावें, आणि हिशेब गांवासमोर मोठ्यानें वाचला जावा.

वेळही महत्त्वाची आहे. यातेंगांत पीक घरीं येतें तें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत. धान्य तेव्हांच स्वस्त असतें, आणि खणण्याचे कोरडे महिने त्यानंतरच लागतात. आपल्याकडे त्याच सुमारास दिवाळीचें वहीपूजन होतें. त्या दिवशीं नव्या वहीच्या पहिल्या पानावर एक रक्कम ह्या कार्याच्या नांवें लिहावी, एवढें आमचें मागणें आहे. त्या वेळीं दिलेला रुपया कोठार भरतो व खड्डा खणतो. तोच रुपया पुढच्या जुलैंत दिला, तर महाग धान्य विकत घेऊन एका महिन्यांत संपतो.