छोटे इंजिन आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लहान मुलांच्या एखाद्या पुस्तकावर बोला, असे चिटणीसबाईंनी सुचवले तेव्हा माझे पहिले उत्तर होते, ‘छे! मला कुठले जमायला?’ पुस्तक नेमके ह्याच उत्तराविषयी आहे, म्हणून ही कबुली आधीच देऊन टाकते.

पुस्तक अमेरिकेतले. नाव ‘द लिटल इंजिन दॅट कुड’. ते १९३० साली निघाले. लेखक म्हणून वॉटी पायपर हे नाव आहे, पण ते टोपणनाव. चित्रे लोइस लेन्स्की ह्या बाईंची. गोष्ट एवढीशीच. खेळणी आणि खाऊ घेऊन एक आगगाडी डोंगरापलीकडच्या मुलांकडे निघते आणि वाटेत तिचे इंजिन बंद पडते. बाहुल्या येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांना विनवतात. झकपक नवे इंजिन खेळण्यांची गाडी ओढणे कमीपणाचे मानते. मालगाडीचे धिप्पाड इंजिनही तोऱ्यातच निघून जाते. तिसरे म्हातारे, गंजलेले. ते ‘नाही जमत’ म्हणत धापा टाकत जाते. शेवटी येते एक छोटे निळे इंजिन. यार्डात डबे इकडचे तिकडे करावे, एवढेच त्याचे काम. डोंगर त्याने कधी ओलांडलेला नाही. पण पलीकडची मुले वाट पाहत असतील, हे मनात येताच ते गाडीला जुंपून घेते आणि आपल्याला जमेल असे स्वतःला बजावत चढ चढून जाते. इंग्रजीत ह्या छोट्या इंजिनाला ‘ती’ म्हटले आहे, हे आपल्या मंडळात मुद्दाम सांगते!

मला ह्या गोष्टीतले आवडले ते असे की, छोटे इंजिन बढाई मारीत नाही. ‘तू किती हुशार!’ असे त्याला कोणी म्हणतही नाही. त्याला कोणीतरी खरे काम सांगते, एवढेच. आत्मविश्वास कौतुकाने येत नाही, भरवशाने टाकलेल्या ओझ्याने येतो.

आणि इथे माझी चूक मला दिसली. माझी मुलगी लहानपणी काही करू गेली की मी म्हणायची, ‘राहू दे, तुला नाही जमायचे, मीच करते.’ आज ती चाळिशीची आहे. बँकेतला साधा अर्ज समोर आला तरी तो नवऱ्यापुढे सरकवते आणि म्हणते, ‘मला नाही जमत.’ शब्द तिचे, पण शिकवण माझी.

गेल्या दिवाळीत सात वर्षांची नात म्हणाली, ‘आजी, चकल्या मी पाडू?’ ‘राहू दे’ अगदी ओठांवर आले होते. ते गिळले आणि सोऱ्या तिच्या हाती दिला. पीठ घट्ट, तिचे हात एवढेसे. पहिले दोन-तीन पिळे मी मागून हात लावला, मग सोडला. चार चकल्या मोडल्या. पाचवी वेडीवाकडी झाली, पण सुटली नाही. मुलगी तिथेच बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘आई, मला तू कधी सोऱ्या दिला नव्हतास.’ मी काय बोलणार?

आपला बोरघाट आठवा. १८६३ साली तिथून गाडी सुरू झाली. काही ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट असा उभा चढ. म्हणून कर्जतला अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. ती ढकलतात आणि घाट संपला की सुटतात. पुढे येऊन गाडी आपल्या ताब्यात घेत नाहीत. आईने, आजीने एवढेच करावे. चढ पोराच्या बेताचा निवडावा, मागून हात लावावा आणि वेळेवर काढून घ्यावा.

मुलीला मात्र परवा मी माझा बँकेचा अर्ज भरायला सांगितला. दोनदा खाडाखोड झाली. मी बघत बसले, बोलले नाही. तिसरा कागद तिने पुरा केला.