ऐकून घेणें



या ज्युबिली महोत्सवांत आपल्या मंदिराच्या बांधकामाची आठवण अनेकांनीं केली. आम्ही आज डोळ्यांस न दिसणाऱ्या एका बांधकामाविषयीं चार शब्द बोलूं इच्छितों. तें म्हणजे मनुष्याचें मन.

मूल आईच्या मांडीवर जें ऐकतें, बापाच्या मुद्रेवर जें वाचतें, त्यांतूनच तें 'मी कोण' हें शिकतें. 'तुझ्यानें कांहीं होणार नाहीं' हे शब्द ज्यानें बालपणीं वारंवार ऐकले, तो चाळिशींतही स्वतःची कथा त्याच शब्दांत सांगतो. जी जखम नात्यांत झाली, ती पुष्कळदां नात्यांतच भरून येते. हेंच बोलण्याच्या उपचाराचें मर्म होय.

व्हिएन्ना शहरीं १८८० ते १८८२ या काळांत डॉक्टर योसेफ ब्रॉयर हे बेर्था पापेनहाइम या तरुणीचें बोलणें रोज ऐकत. आजारी पित्याची शुश्रूषा करितां करितां ती स्वतःच खचली होती. मनांतलें बोलून टाकिलें म्हणजे तिला उतार पडे. 'बोलण्याचा उपचार' हें नांव तिचेंच. ती तेवढ्यानें पूर्ण बरी झाली नाहीं, पुढेंही तिला उपचार घ्यावे लागले. तथापि त्याच स्त्रीनें १९०४ सालीं जर्मनींत यहुदी स्त्रियांची संघटना स्थापिली. अलीकडे गोव्यांतील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनीं तीव्र उदासीनतेच्या रुग्णांशीं सहा ते आठ बैठकी केल्या. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षां त्यांना अधिक आराम पडला, असें २०१७ सालच्या अहवालांत आहे.

येथें आमची एक चूक सांगतों. एक माता पुत्रवियोगाचें दुःख घेऊन आमच्या दारीं आली. तिचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच आम्हीं 'देवाची इच्छा' म्हणून तिला वाटेस लाविलें. वर्षभरानें ती म्हणाली, "फादर, मला उत्तर नको होतें. त्याचें नांव कोणापुढें तरी घ्यावयाचें होतें." सेमिनरींत आम्ही बोलावयास शिकलों, ऐकावयास या माउलीनें शिकविलें.

एम्माउसच्या वाटेवर प्रभूला सर्व ठाऊक होतें. तरी त्यानें त्या दोघां शिष्यांस काय घडलें तें विचारिलें, त्यांची कथा संपेपर्यंत ऐकिली, आणि मग शास्त्राचा अर्थ सांगितला.

पापनिवेदन व समुपदेशन हीं एक नव्हेत. एकांत क्षमा मिळते, दुसऱ्यांत स्वतःची कथा उमगते. ताप आला असतां वैद्याकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. तसा मन खचलें असतां समुपदेशकाकडे जाण्यांतही नाहीं. बाकी आपण सर्वांनीं या वर्षीं एवढें करावें: घरांत जो गप्प झाला आहे, त्याच्या शेजारीं बसावें, आणि तो बोलूं लागला म्हणजे मध्येंच उपदेश करूं नये.

देव आपणांस तसे कान देवो.