बॉण्डवरचा प्लॉट

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. ओळीत एक मात्रा चुकली तर मला कळते. सातबारा मात्र कधी उघडून वाचला नाही.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, चुन्याच्या रेघांनी आखलेला २० बाय ३०चा प्लॉट मी घेतला. पैसे लातूरच्या आपाचे, शिलाई मशीनवर साठवलेले. हाती आला शंभराचा बॉण्ड आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. ‘बॉण्डवर घेतलं’ म्हटलं की आपल्याकडे पेढे वाटतात! पण १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही.

विकणारा चहा पाजून म्हणायचा, ‘‘गुरुजी, दसरा होऊ द्या, रजिस्ट्री करू.’’ तो चहा फार महाग पडला. करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल, तर दाव्याची मुदत तिथून तीन वर्षे. मी वकिलाकडे गेलो चौथ्या वर्षी.

२०१७पासून महारेरा आहे. मोठ्या प्लॉटिंगलाही तिथे नोंदणी लागते. मुदतीत ताबा दिला नाही तर सव्याज परतावा मागता येतो. आदेश पाळला नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. अर्थात, समोरच्याच्या नावावर जप्त करण्याजोगे काही उरलेले असावे लागते.

आपाचे पैसे मी दरमहा थोडे थोडे फेडतो आहे. ती मोजून घेत नाही. बॉण्ड मात्र तिने पेटीत, कपड्यांच्या तळाशी अजून जपून ठेवला आहे.